अजून हितंच?

१ डिसेंबरला, सोमवारी, पहिल्या शिफ्टच्या आधी मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, गेटसमोरच्या गाड्यावर चहाला थांबलो. थंडी होती. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. स्टोव्हची घरघर, गवती चहाचा वास, ओल्या फडक्यानं पुसलेला पत्रा, सगळं सप्टेंबरात सोडून गेलो होतो तसंच होतं. गाड्यावरचे मामा गेली बारा वर्षं मला दिवसातून दोनदा बघतात. त्यांनी ग्लास पुढं केला, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "साहेब, अजून हितंच व्हय?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पाऊस अजून पडतोय व्हय, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कागदं जरा अडकल्यात, मामा." "हां, चालायचंच," असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. चहा पिऊन मी आत गेलो, पंच केलं, बूट चढवले. पण ते दोन शब्द दिवसभर माझ्या मागंमागं फिरत राहिले. प्रश्नापेक्षा माझं उत्तर जास्त टोचत होतं. कागद अडकलेले नव्हते. जर्मनीच्या व्हिसाचे कागद परत आले होते, आणि का आले हे मला नीट माहीत होतं. ते कारण मी तोवर बायको सोडून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फौंड्रीत माझा निरोप समारंभ झाला होता. कँटीनमध्ये टेबलं जोडून त्यावर निळं कापड घातलेलं. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, पोरांनी वर्गणी काढून चाकांची मोठी बॅग दिली. कोअर शॉपमधल्या एका बाईंनी माझ्या हातात पेढ्याचा पुडा ठेवला आणि डोळे पुसले. आम्ही बारा वर्षांत एकमेकांशी कामाशिवाय फारसं बोललोही नव्हतो. पेठेत तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. माझा लग्नातल्या अल्बममधला फोटो, मागं विमान, आणि 'जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आईनं तीन किलो कांदा-लसूण चटणी केली. मिरच्या स्वतः निवडल्या, डंकावर स्वतः जाऊन बसली, आणि वास बाहेर येऊ नये म्हणून पिशवीत पिशवी अशा तीन पिशव्यांत बांधली. व्हिसा यायचा होता, पण तिकडच्या कंपनीनं नोव्हेंबरची तारीख दिलेली, इथं दोन महिन्यांची नोटीस. आधी राजीनामा देऊ नये, हे सगळे सांगतात. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं.

मला जायचं होतं, हे इथं लिहून ठेवतो. कारण नकार आल्यावर "बरं झालं, आपलं गाव काय वाईट आहे का" असं म्हणणारे खूप भेटले, आणि त्यांच्यासमोर मान हलवताना दर वेळी मला काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. गाव वाईट नाहीच. पण मी फौंड्रीत क्वालिटी बघतो. बावीस वर्षं कास्टिंगवर हातोडी मारून आवाज ऐकतोय. चांगला जॉब, म्हणजे ओतलेला भाग, घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला बद्द बोलतो. मी पास केलेली शेकडो टन कास्टिंग लाकडी पॅलेटवर चढून, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळून जर्मनीला गेली आहेत. तिकडच्या इन्स्पेक्टरनं एखाद्या जॉबवर खडूनं काढलेल्या गोलाचा फोटो मेलवर यायचा, आणि तो गोल बघून मला त्या माणसाच्या हाताची ओळख पटायची. कुठं किती दाबायचं, काय सोडून द्यायचं, हे त्याला कळत होतं. अशा माणसाशेजारी उभं राहून काम करावं, ही इच्छा पगाराच्या आधीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की भारतातल्या कुशल कामगारांसाठी जर्मनी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० करणार. त्या रात्री मी बायकोला म्हणालो, "एवढ्या लोकांत एक मी मावेन की."

मग अभ्यास. रात्री जेवण झालं की लेकीच्या टेबलावर एका बाजूला ती, एका बाजूला मी. ती नववीचं भूमिती करायची, मी जर्मन. बाद झालेल्या मालाला जर्मनमध्ये 'आउसशुस' म्हणतात, आणि समितीलाही तोच शब्द. धातू आकसून आत पोकळी पडते, जिला आम्ही श्रिंकेज म्हणतो, ती 'लुंकर'. धंद्यातले शब्द मला पटापट यायचे. दुकानात जाऊन ब्रेड मागायचं वाक्य मात्र पाठ होता होत नव्हतं, लेक हसून हसून दुरुस्त करायची. पदवीची तुल्यता सांगणारा दाखला बॉनच्या कार्यालयातून मागवायचा होता, त्याची फी २०८ युरो. त्याआधी विद्यापीठातून जुनी कागदपत्रं. मी पहिली नोकरी केलेली उद्यमनगरातली फौंड्री बंद पडून दहा वर्षं झालेली, तिथल्या मालकांना गाठून अनुभवाचं पत्र. त्यांनी थरथरत्या हातानं सही केली आणि जुना शिक्का शोधायला अर्धा तास कपाटं उपसली. हे सगळं मला मनापासून आवडत होतं. आपलं आयुष्य एका फाइलीत नीट लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

फाइलीत सगळ्यात वर एक छापील यादी होती. काय काय लागतं, ओळीनं. लेकीनं हिरव्या पेननं एकेका ओळीपुढं बरोबरची खूण केलेली. त्यातली अकरावी ओळ अशी: ४५ वर्षं पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा येणाऱ्या कुशल कर्मचाऱ्याचा पगार वर्षाला ठरावीक रकमेच्या वर हवा, २०२५ साठी ती ५३,१३० युरो, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा. माझा करार ४६,८०० चा. ही ओळ मी फेब्रुवारीतच वाचली होती. पुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'लागू नाही'.

फेब्रुवारीत मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

व्हिसाचा अर्ज द्यायला मुंबईची तारीख मिळाली ८ जुलै. ७ ची रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बुक केली होती. ४ तारखेला आईचा डावा डोळा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. मोतीबिंदू दोन वर्षं तसाच ठेवलेला. 'तू जाऊन ये मग करू' असं तिचंच म्हणणं. डॉक्टर म्हणाले, मोती पिकून फुगलाय, डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, आता थांबलं तर नजर जाईल. आधी औषधांनी प्रेशर उतरवायचं आणि सोमवारी ऑपरेशन. बायको म्हणाली, "तुम्ही जा, मी बघते." ती बघणार होती यात शंका नव्हती, माझ्यापेक्षा चांगलं बघणार होती. पण आई कॉटवर हाताची मूठ वळून पडलेली, आणि मी तिच्या मुठीत बोट दिलं तर ते तिनं सोडलंच नाही. मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोनवर तारीख बदलली. दोन मिनिटांचं काम. पुढची तारीख मिळाली ११ सप्टेंबर. 'दोन महिन्यांनी काय फरक पडतोय', असं मी बायकोला म्हणालो होतो, ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

१९ ऑगस्टला मला पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली. लेकीनं केक आणला. आईनं औक्षण केलं. तिच्या डोळ्याची पट्टी जाऊन महिना होऊन गेला होता, निरांजनाच्या उजेडात तिनं माझ्याकडं वाकून बघितलं आणि म्हणाली, "किती पिकलंय रं डोस्कं तुझं! मला आपलं काळंच दिसत व्हतं इतकी वर्सं." सगळे हसले, मीही. ती अकरावी ओळ तेव्हा मला आठवली नाही. ११ सप्टेंबरला मुंबईत खिडकीपाशी फाइल दिली, ७५ युरोची फी भरली, तेव्हाही नाही. ज्या सल्लागारानं पैसे घेऊन फाइल तपासली होती, त्याच्याही ती नजरेत आली नाही. मी त्याच्यावर चिडलो होतो काही दिवस. पण 'लागू नाही' हे अक्षर माझं आहे.

पासपोर्ट परत आला तो १० नोव्हेंबरला, किरणोत्सवाचा दुसरा दिवस होता. आई दुपारपासून अंबाबाईच्या देवळात जाऊन बसलेली. दरवर्षी गर्दीत मागं उभी राहून, दिसत नसताना लोकांच्या आवाजावरून किरणं कुठवर आली याचा अंदाज घ्यायची. यंदा डोळा नवा, म्हणून तिला पुढं जायचं होतं. मी घरी एकटाच. पाकीट पातळ होतं की जाड, हे मी बोटांनी आधी बघितलं, जसा जॉब आधी हातानं बघतो. आत पासपोर्ट आणि पत्र. पत्र मी उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. कारण एका परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं: जन्मतारीख, पगार, हवी ती रक्कम, तरतुदीचा पुरावा नाही. आमच्याकडं रिजेक्शनच्या लाल टॅगवर जॉब नंबर, हीट नंबर, दोष काय आणि कुठं, सगळं लिहावं लागतं. नुसतं 'रिजेक्ट' लिहून आलेला टॅग मी स्वतः परत पाठवतो. या पत्रात परत पाठवण्यासारखं काही नव्हतं. मी मापात बसत नव्हतो, आणि माप कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी आई आली. पायऱ्या चढतानाच बोलत होती, "दिसलं मला. माझ्या डोळ्यानं दिसलं." तिच्या कपाळावरचा मळवट पसरलेला, हातात प्रसादाची पुडी. मी पाकीट वर्तमानपत्राखाली सारलं. त्या रात्री ती जेवताना किरणांबद्दलच बोलत होती, भिंतीवरून कशी सरकली, लोक कसे एकदम गप्प झाले. मी तिचा डावा डोळा बघत होतो.

दोन दिवसांनी सांगितलं, "आई, नाही झालं. पगाराच्या कागदात कमी पडलं." हे खोटं नाही. पण खरंही नाही. खरं कारण वय आहे, आणि वय म्हटलं की आई बोटं मोजणार. तिला शाळा चौथीपर्यंत, पण जन्मतारखा, तिथ्या, कुणाचं बारसं कुठल्या महिन्यात, हे तिला पाठ असतं. ऑगस्टपासून मागं मोजत ती जुलैत पोचेल, आणि जुलैत काय होतं हे तिला कुणी सांगायला नको. ८ जुलैला फाइल दिली असती तर सहा आठवड्यांत व्हिसा हातात पडलाच असता, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण पडला नसता असंही नाही, आणि ती या दुसऱ्या बाजूलाच जाऊन बसेल, मी तिला ओळखतो. एकदा, मध्यरात्री, मलाच तिचा राग आला होता. दोन वर्षं 'मग करू, मग करू' का केलंस, असं अंधारात मनातल्या मनात ओरडलो. अर्धा मिनिट असेल. मग पलीकडच्या खोलीतून तिचा खोकला ऐकू आला आणि मी उठून पाणी घेऊन गेलो.

करण्यासारखं काय होतं, तेही करून बघितलं. पूर्वी नकाराविरुद्ध वकिलातीकडंच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता एक तर नवा अर्ज, नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या कोर्टात दावा. कोर्टात मी काय सांगणार होतो? तरतुदीचा पुरावा म्हणून पीएफचं पेन्शन मोजायला बसलो. पगाराची मर्यादा १५,०००, गुणिले बावीस वर्षं, भागिले सत्तर: फार तर ४,७१४ रुपये महिना, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. कॅल्क्युलेटरवरचा तो आकडा मी बराच वेळ बघत राहिलो. जर्मनीचं जाऊ दे, मंगळवार पेठेतही याला कुणी पुरेशी तरतूद म्हणणार नाही. तिकडच्या कंपनीनं प्रामाणिक मेल पाठवला: पगार इतका वाढवला तर इथल्या जुन्या माणसांना काय सांगू, आणि जानेवारीपासून ती रक्कम ५५,७७० होतेय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगतं. आपण नदीचे आकडे पाठ करून मोठे झालो. आपल्या स्वतःच्या अंगावरही कुठंतरी अशी पट्टी रंगवलेली असते, आणि पाणी तिथं पोचेपर्यंत तिच्याकडं लक्ष जात नाही, हे मला नव्हतं माहीत.

मालकांना फोन करायला मला आठ दिवस लागले. ते एवढंच म्हणाले, "सोमवारपासून या. जागा आहे." तर त्या १ डिसेंबरला चहा पिऊन मी इन्स्पेक्शनच्या केबिनमध्ये गेलो. तिथं माझ्या खुर्चीवर, मीच वर्षभर शिकवून तयार केलेला सत्तावीस वर्षांचा पोरगा बसलेला. टेबलावर माझी मापं घ्यायची व्हर्नियर त्यानं त्याच्या हाताला सोयीची अशी उजवीकडं ठेवलेली. मला बघितल्यावर ताडकन उठला. "सर, बसा की." मी म्हणालो, "बस तू." तो बसेना, मीही बसेना. खुर्ची मधे, आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे. बाहेर नॉकआउटवर साचे फुटत होते, जळक्या वाळूचा तो गरम, कोळशाचा वास आत येत होता, आणि मला कळेना की हा वास मला हवा होता की नको होता. इतका ओळखीचा, की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. शेवटी त्यानं कोअर शॉपमधून एक स्टूल आणलं, त्यावर तो बसला. त्याच्या घरी लग्नाचं चाललंय. इन्चार्ज झालो म्हणून त्यानं मुलीकडच्यांना सांगितलंही असेल. मी ते विचारलं नाही. त्या दिवसापासून व्हर्नियर मी उजवीकडंच ठेवतो.

फ्लेक्स पंधरा दिवसांतच निघाला होता, त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. बॅग मात्र डिसेंबर अर्धा होईपर्यंत तशीच कॉटखाली होती. एका रविवारी बायको म्हणाली, "काढू या का आता?" मी आणि ती जमिनीवर बसून एकेक वस्तू काढत गेलो. थर्मल, दोन जाड स्वेटर, औषधं, लेकीनं लिहून दिलेली ब्रेड मागायची वाक्यं. तळाला वडिलांची पट्टी. वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, साच्यासाठी सागवानात पंप आणि इंजिनाच्या भागांचे नमुने, म्हणजे पॅटर्न, कोरायचे. त्यांची ही पितळी पट्टी साधी नाही. लोखंड ओतल्यावर थंड होताना फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशोब नको म्हणून या पट्टीवरचा फूटच एक सुतानं लांब आहे. लहानपणी मी ही पट्टी शाळेत नेली आणि माझ्या सगळ्या रेघा चुकल्या. वडिलांनी मारलं नाही, पट्टी हातात घेऊन म्हणाले, "ही खोटी न्हाई रं. हिला म्हाईत हाय पुढं काय हुणार हाय ते." ती मी फडक्यात गुंडाळून बॅगेत घातली होती, तिकडं टेबलावर ठेवायला. आता खिडकीत ठेवलीये. चटणीच्या पिशव्या बायकोनं फोडून बरणीत भरल्या. लेक तिला अजून 'जर्मनीची चटणी' म्हणते, आणि आई दर वेळी तिला दटावते.

परवा शनिवारी सेकंड शिफ्ट होती, दुपारी घरी होतो. आई गॅलरीत ताटात तांदूळ घेऊन निवडत बसलेली, चष्म्याशिवाय. ऊन तिच्या हातांवर. मी शेजारी भाकरी-चटणी घेऊन बसलो. तिनं ताटातून काहीतरी चिमटीत धरलं, माझ्यासमोर आणलं. मोहरीहून बारीक, पांढरा खडा, तांदळाच्याच रंगाचा. "हे बघ," ती म्हणाली, "ह्ये आपण इतकी वर्सं खाल्लं." आणि तो खडा कठड्यापलीकडं टाकून पुढचं ताट हलवायला लागली. त्या वेळी तिला सांगावं असं फार वाटलं. तोंडाशी आलं होतं. मी भाकरीचा घास घेतला.

अडीचला शिरोलीत पोचलो. मामांनी लांबूनच बघितलं आणि ग्लास विसळायला घेतला. शेजारी नवीन दोघं ऑपरेटर उभे होते, त्यांना मामा सांगायला लागले, "ह्ये आमचं साहेब, जर्मनीला जानार हायत." दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"नाही मामा," मी म्हणालो. "वय जास्त झालं, त्यांनी नको म्हटलं. मी हितंच आहे."

मामा जरा थांबले. किटली तशीच हातात. मग त्यांनी माझा ग्लास काठोकाठ भरला आणि पत्र्यावर माझ्यापुढं सरकवला.